यार्डासमोरचं पिवळं घर

११ फेब्रुवारी
सकाळी यार्डात अपघात. चार वाघिणी रुळावरून खाली. कोळसा सांडला. मालधक्क्यावरचा हमाल आडवा, पण तो गेल्या आठवड्यातही आडवा होता, त्याच्या पायाखालचा डिंक सुटतो. जीवितहानी नाही. चिमट्याने सगळं जागच्या जागी केलं. मालक खुर्चीत झोपले होते, त्यांना पत्ताही नाही. असली कामं कोणाला दिसत नाहीत. म्हणून आजपासून लिहून ठेवायची. कोणाला दाखवायला नाही, आपलं आपल्याला माहीत असावं म्हणून.

यार्ड टेबलावर आहे, हे खरं. सगळंच टेबलावर आहे. स्टेशन, मालधक्का, पाण्याची टाकी, पूल, गाव. गावातली माणसं माझ्या नखाएवढी. मालकांनी अख्खा हॉल भरून हे उभं केलं, आयुष्य घातलं. पण टेबलावर आहे म्हणून काम कमी होत नाही. मोठ्या यार्डात तरी काय करतात? इकडच्या गाड्या तिकडे आणि तिकडच्या इकडे.

माझी नेमणूक 'झाडलोट आणि इतर' अशी आहे. मी इतरवर भर दिला आहे.

१३ फेब्रुवारी
वाघिणी फारच घाण होत्या. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. डबा म्हटलं की मालक चिडतात. गंज काय, काजळी काय, तेलाचे ओघळ काय. मालकांना आता नीट दिसत नाही आणि आधीच्या माणसाने कधी हात लावलेला नाही. साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या, जुन्या टूथब्रशने घासल्या. दुपारपर्यंत सगळ्या चकाचक, आत्ताच कारखान्यातून सुटल्यासारख्या.

संध्याकाळी मालक आले. एक वाघीण उचलली, ठेवली. दुसरी उचलली. मग खुर्चीत बसले. बोलवेना त्यांना. आनंदाने माणसाचं असं होतं.

१४ फेब्रुवारी
वायरमन आला होता. दर आठवड्याला येतो, दिवे बघतो, जाताना टोमणा मारतो. म्हणाला, बाबा रे, तो गंज मालकांनी हाताने रंगवला होता. केसाएवढ्या ब्रशने, एकेका वाघिणीला आठवडा घालून. नव्याला जुनं करणं ही सगळ्यात अवघड विद्या, आणि तू ती मोरीत ओतलीस.

वायरमन जळतो माझ्यावर. जळणं-बिळणं त्याच्या धंद्यातच आहे.

मालकांनी बोलावून रंगाच्या बाटल्या पुढे ठेवल्या. त्यांचा हात आताशा थरथरतो. म्हणाले, धुतल्यास तू, आता मळव पण तूच. म्हणजे झाडलोटीतून काढून मला रंगखात्यात घेतलं. अर्ज नाही, ओळख नाही. घरी फोन करून कळवलं, खातं बदललं.

२१ फेब्रुवारी
बायकोचा फोन. ती तिकडे माझ्या आईजवळ राहते, दवाखान्यात आया आहे, टेंपररी. आईचं आणि तिचं छान जमतं, म्हणजे दोघी मिळून मला बोलतात. आज विचारलं, अहो, तुम्ही राहता कुठे? लग्नाला वर्ष होत आलं, कोणी विचारलं तर काय सांगू? मी म्हणालो, यार्डात. म्हणाली, रुळावर? म्हणालो, यार्डाला लागून गाव आहे, तिथे.

हे खरं आहे. मी गावाखालीच झोपतो. टेबल चांगलं रुंद आहे, पाय सरळ होतात. फक्त उठताना डोक्याला पूल लागतो.

म्हणाली, घर कसं आहे? तेव्हा माझ्या नाकासमोर पिवळं घर होतं, वेशीवरचं. जे दिसलं ते सांगितलं. दुमजली आहे. जिना बाहेरून. कोपऱ्यावर दिव्याचा खांब. वरच्या खिडकीतून सगळं यार्ड दिसतं. एक अक्षर खोटं बोललो नाही. त्यात राहतं कोण, हे तिने विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी
परत फोन. पाण्याचं काय? टाकी समोरच आहे, उंच. मग धार चांगली असेल, म्हणाली. शेजार कसा? खाली न्हावी, पलीकडे किराणा, बाजूची बाई गच्चीवर कपडे वाळत घालते. स्वभावाने कशी? शांत आहे. कटकट करत नाही? अजून तरी ऐकली नाही. नवरा काय करतो तिचा? मी वाकून बघितलं. म्हणालो, दारात उभा असतो. म्हणाली, सगळे मेले सारखेच.

खूश झाली. आईला ओरडून सांगत होती, जिना बाहेरून आहे म्हणे.

१ मार्च
मालकांना खोलीचं विचारलं. हॉलच्या मागे एक खोली आहे, रिकामी खोकी भरलेली. म्हटलं, बायको यायचं म्हणते, तर ती खोली मिळाली तर. मालक म्हणाले, बघू.

मालकांना नाही म्हणता येत नाही असं नाही. वायरमनला किती वेळा तोंडावर नाही म्हणालेत. मला बघू म्हणाले. बघू म्हणजे पाऊण हो. म्हणजे मी तिला सांगितलं ते खोटं नव्हतंच, जरा लवकर होतं इतकंच.

निश्चय: उद्यापासून ती खोली झाडायला घेणे.

६ मार्च
खोली झाडली नाही, वेळ कुठे. यार्डात एक इंजिन रूळ बदलायच्या सांध्यावर अडकून बसलं, मागे सगळी गाडी तुंबली. न्हाव्याच्या दुकानासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं सापडत नाही. झाडलेल्या कचऱ्यात बघितलं. शेवटी तोंडावर टॉवेल टाकल्यासारखा कापसाचा बोळा लावला. दाढी चालू आहे असं वाटतं.

बायको म्हणाली, वरच्या खिडकीचं माप द्या, पडदे शिवते. फूटपट्टी लावली. रुंदी दीड सेंटिमीटर, उंची दोन. एवढं सांगून कसं चालेल? वायरमनकडून गोडीगुलाबीने काढून घेतलं की हे गाव मोठ्या गावाचा सत्त्याऐंशीवा भाग आहे. सत्त्याऐंशीने गुणलं. एकशे तीस बाय एकशे चौऱ्याहत्तर. अगदी खिडकीसारखी खिडकी आली. म्हणाली, बाई गं, बरीच मोठी आहे की.

गणितात मला सातवीतून घरी बसवलं होतं. ते मास्तर आज इथे पाहिजे होते.

१४ मार्च
मालकांनी सकाळी चहा शर्टावर सांडला. तोंडाचा एक कोपरा खाली आलेला. बोलले ते कळलं नाही. मला वाटलं चहा गरम असेल. मग ते झोपले, मी यार्ड लावलं. दुपारी बायकोला बोलता बोलता सांगितलं, तर ती केवढ्याने ओरडली. अहो, तो झटका आहे, आधी दवाखान्यात न्या, माझ्याशी काय बोलत बसलाय! बायका दवाखान्यात कामाला लागल्या की त्यांना जिकडेतिकडे पेशंट दिसतात. तरी फोन केला मालकांच्या मुलीला, ताईसाहेबांना.

डॉक्टर म्हणाले, अर्धं अंग गेलं, सकाळीच आणायला पाहिजे होतं. डॉक्टर लोकांना काही ना काही म्हणावंच लागतं.

ताईसाहेब बाकड्यावर बसून रडत होत्या. मला म्हणाल्या, तू तरी होतास जवळ. मालकाच्या मुलीच्या तोंडून असं वाक्य उगाच येत नाही.

१९ मार्च
मी प्रभारी यार्डमास्तर. कोणी नेमलं नाही, पण दुसरं कोणी नाहीच तर नेमणार कोणाला.

सकाळची मालगाडी वेळेवर सोडली. कोळसा टाकीकडे, लाकूड मालधक्क्यावर, रिकाम्या वाघिणी शेवटच्या रुळावर. दुपारी तेच सगळं परत उलटं. मालकांची खुर्ची रिकामी असते. तिच्यात बसलो नाही. बसलो, पण थोडा वेळ.

२५ मार्च
ताईसाहेब एका माणसाला घेऊन आल्या. हातात मोजायची टेप. त्याने इंजिनं मोजली, वाघिणी उलट्या करून चाकं बघितली, टेबल मोजलं, मग दरवाजा मोजला आणि मान हलवली. मी रंगवलेली वाघीण हातात घेऊन म्हणाला, हे काय, कोणी चहा सांडला का हिच्यावर? ताईसाहेब माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता मोठी खोकी लागतील, जमव.

अर्थ उघड आहे. हॉल लहान पडतोय. विस्तार.

२६ मार्च
वायरमन म्हणतो, विस्तार कसला कपाळाचा, विकतायत. इंजिनं, रूळ, वाघिणी जातील. गाव कोणी घेत नाही. एवढं मोठं टेबल दारातून बाहेर निघत नाही, करवत लागणार. मग म्हणाला, माझ्या दुकानात ये. हाताखाली माणूस पाहिजेच आहे, माळ्यावर दोघांची झोपायची सोय होईल. बायकोला खरं काय ते सांग आणि बोलावून घे, नाहीतर बोलावू नको. पण सांग.

मी हसलो. अख्खं यार्ड ज्याच्या अंगावर आहे, त्याने लोकांच्या घरी फ्यूज बदलत फिरायचं? म्हणालो, विचार करून सांगतो. म्हणाला, विचार तू करतोस हीच तर भीती आहे.

२ एप्रिल
बायकोला कायम करतायत. हेडसिस्टरने नाव पुढे घातलं. सोमवारच्या आत सही करायची. सही केली की नोकरी पक्की, पण मग तिथून हलायचं नाही. नाही केली तर जागा दुसरीला, आणि ती दुसरी दारातच उभी आहे.

म्हणाली, येऊ का राहू, एकदा काय ते सांगा. तुमची आई म्हणते, घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही सोडू नकोस, पोराच्या तोंडाला हाड नाही. मी त्यांना म्हटलं, आई, पडदे शिवून झालेत. मग म्हणाली, अहो, आहे ना घर?

रेंज गेली म्हणालो. तशी जातेच मधूनमधून.

४ एप्रिल
निश्चय: सोमवारच्या आधी तिला सगळं स्पष्ट सांगणे. तसं सांगण्यासारखं फार नाही. खोली ठरलेली आहे, फक्त अजून मिळालेली नाही.

५ एप्रिल
आज सांगणारच होतो. त्याआधी म्हटलं ताईसाहेबांना विचारून घ्यावं, म्हणजे अर्धवट बोलणं नको. फोन केला. म्हटलं, ती मागची खोली. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, हो हो, ती आधी रिकामी कर, लागणार आहे.

कोणाला लागणार आहे? मलाच. दुसरं कोण आहे इथे.

लगेच बायकोला लावला. म्हणालो, ये. म्हणाली, नक्की ना? म्हणालो, आत्ता खोली झाडतोय, ऐक, आणि फोनजवळ झाडू मारून दाखवला. ती हसली. लग्न झाल्यापासून फोनवर अशी हसली नव्हती. म्हणाली, मेली ती सही. सांगते त्यांना, नवऱ्याला क्वार्टर मिळालं.

९ एप्रिल
वाघिणी कापसात गुंडाळून भरल्या. टेपवाल्याने मी रंगवलेल्या बाजूला काढल्या, नको म्हणाला. म्हणजे माझ्या हातचं काम इथेच राहायचं ठरलं. मागची खोली रिकामी केली, तर तिच्यात टायर येऊन पडले. हॉल टायरवाल्याला भाड्याने दिलाय असं ते आणणारा टेंपोवाला म्हणाला. टेंपोवाल्यांचं काय ऐकायचं.

१२ एप्रिल
सुतार आला. करवत घेऊन. ताईसाहेब म्हणाल्या, याला मदत कर. सुतार म्हणाला, त्या बाजूने धर, हलू देऊ नको. धरलं. आधी स्टेशन, मग बाजारपेठ. भुसा सगळीकडे. पिवळं घर नेमकं कापायच्या रेषेवर होतं. सुतार म्हणाला, दोन बोटं इकडे घेतलं तर फळी वाकडी जाईल. मग त्याने सरळ घेतलं. माणसं झाडून सुपात भरली, एका सुपात मावली.

ताईसाहेबांनी विचारलं, आता तू कुठे जाणार? हे त्यांनी फारच काळजीने विचारलं. मालक बरे झाले की सगळं परत उभं करायचं म्हटलं तर माणूस लागेल, म्हणून विचारलं असणार.

बायकोला लावला. लागला नाही. आईने उचलला. म्हणाली, ती कालच गाडीत बसली. पेटी घेऊन गेली, कुकर घेऊन गेली, माझा निरोप घेताना पाया पडली. घर बरं आहे ना रे?

मी सांगणार होतो, हे इथे लिहून ठेवतो. गाडीत रेंज नसते, त्याला मी काय करणार.

वायरमनकडे गेलो. त्याने भाच्याला ठेवलंय. म्हणाला, माळा आठवडाभर घे. बाईमाणसासाठी देतोय, तुझ्यासाठी नाही.

१३ एप्रिल
ही आली. वाळली आहे. डब्यातून उतरल्या उतरल्या म्हणाली, किती लांब आहे घर? पेटी जड, त्यात पडदे, चादरी, दोन बशा. म्हणालो, आधी मालकांना भेटून येऊ. मालकांच्या तोंडून खोलीचं एकदा वदवून घेतलं की ताईसाहेबांनाही बोलायला जागा नाही, असा माझा हिशेब.

मालक वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. डोळे उघडे. मी वाकून म्हटलं, मालक, खोलीचं काय ते सांगा, बायको आलीय. त्यांचा डावा हात हलला. मी हिला म्हटलं, बघ, हो म्हणाले.

ती म्हणाली, अहो, चादर ओली आहे त्यांची.

पेटी खाली ठेवली, हात धुऊन आली. एका हाताने मालकांना कुशीवर घेतलं, चादर काढली, पुसलं, दुसरी घातली. मालकांशी बोलत होती, झालं हं बाबा, झालं. माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टर दारातून बघत होती. म्हणाली, कुठे शिकलीस? हिने दवाखान्याचं नाव सांगितलं. सिस्टर म्हणाली, मग सोडलंस का? हिने ओली चादर बादलीत टाकली.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, घर कुठे आहे? मी सांगायला सुरुवात केली. वाघिणींपासून सुरुवात केली, म्हणजे नीट कळेल. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, खिडकी?

बोटांनी दाखवली.

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मग म्हणाली, पेटी उचला.

१६ एप्रिल
माळ्यावर. तिने हेडसिस्टरला फोन केला. जागा भरली, त्याच दिवशी. हेडसिस्टर म्हणाल्या, तुझ्यासाठी मी किती भांडले होते. ही म्हणाली, हो. दोनदा म्हणाली.

मी समजूत घातली. म्हटलं, एक दार बंद झालं तर, आणि पुढे आठवेना. वायरमन खालून म्हणाला, पुढे झोप.

मालकांकडे ती रोज जाते. पैसे नाहीत, काही नाही. म्हणते, त्यांना एका कुशीवर ठेवतात, पाठ सोलली आहे. मी गेलो नाही. मालकांना मला बघून यार्डाची आठवण यायची.

२२ एप्रिल
हिला सिस्टरने ठेवून घेतलं. टेंपररी, पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलंच होतं, मालकांना भेटायला जाऊ. माझ्यामुळेच झालं. तिला तसं बोलून दाखवलं. तिने भाकरी थापणं थांबवून माझ्याकडे बघितलं, मग परत थापायला लागली.

दवाखान्याच्या आवारात आयांना खोली मिळते. खरीखुरी. म्हणजे शेवटी क्वार्टर मिळालंच. उद्या सामान हलवायचं. आईला कळवतो.

२३ एप्रिल
खोली फक्त एकट्या बायांना मिळते. पुरुष माणसाला फाटकाच्या आत घेत नाहीत.

म्हटलं, मग आपलं काय? म्हणाली, त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, घर नाही. मग त्यांनीच एकटी असं लिहून घेतलं. म्हणाली, कोणी विचारलं तर गावाकडचा आहे म्हणा.

पेटी मी फाटकापर्यंत नेली. तात्पुरतं आहे. बोलून ठरवू.

३० एप्रिल
वायरमनने माळा मागितला. भाच्याचं सामान आहे म्हणे. टायरच्या गोडाऊनला रखवालदार पाहिजे असं ऐकलं. विचारलं. लिहिता-वाचता येणारा पाहिजे, म्हणाले. म्हटलं, मी रोज लिहितो. म्हणाले, काय लिहितोस?

मालक गेले. मला काल कळलं. हिने सगळं केलं, ताईसाहेबांनी तिचा हात धरून आभार मानले, असं वायरमनकडून समजलं. मला कोणी कळवलं नाही. कळवायला मी कुठे असतो हे कोणाला माहीत नव्हतं.

५ मे
फाटकावर गेलो. नवीन वॉचमन. कोण पाहिजे, म्हणाला. नाव सांगितलं. तुम्ही त्यांचे कोण? गावाकडचा, म्हणालो. अगदी सवयीने आलं तोंडात.

तेवढ्यात सुट्टी झाली. आया बाहेर आल्या, पांढऱ्या साड्यांत, चौघी-पाच जणी. ही मध्ये होती, काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. वॉचमनने हाक मारून विचारलं, ओ बाई, हे तुमच्या गावाकडचे का?

तिने बघितलं. नीट बघितलं, घाई केली नाही. म्हणाली, हो. पण फार ओळखीचे नाहीत.

आणि पुढे गेली. वॉचमन म्हणाला, गावाकडच्यांनी रविवारी यायचं.

रविवारी किती वाजता, ते विचारायचं राहिलं.